आभासी शीर

छायाचित्रावरून माशी ओळखणे म्हणजे अंदाज करणे नव्हे, हे मी गेली काही वर्षे लोकांना सांगत आलो आहे, आणि लोक तितकीच वर्षे मला "सर, ही कोणती असेल?" असेच विचारत आले आहेत. 'असेल' हा शब्द मला मान्य नाही. माशी असते. ती कोणती आहे हे पुराव्याने ठरते, आणि पुरावा नसेल तर ठरत नाही. या दोहोंच्या मध्ये 'असेल'ला बसायला जागा नाही.

मी इस्लामपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. माश्यांकडे मी आलो तो शब्दांच्या वाटेने. 'द्विपंखी' या नावाचा एक व्हॉट्सअॅप गट सातारा-सांगलीच्या हौशी मंडळींनी काढला होता. बांधावर, माळावर, ओढ्याकाठी आढळणाऱ्या लहान रानमाश्यांची छायाचित्रे तेथे येत. त्यांना पंखाच्या निरनिराळ्या भागांसाठी मराठी नावे हवी होती, म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला गटात घेतले. नाव द्यायचे तर वस्तू पाहावी लागते. मी पाहू लागलो, आणि नावे देऊन संपल्यावरही पाहतच राहिलो.

कारण पंखातील शिरांची रचना ही मला वाक्यरचनेसारखी वाटली. कोणती शीर कोठून निघते, कोणत्या शिरेला जाऊन मिळते आणि कोठे वाकते, याला नियम आहेत. एखादी शीर वेगळी निघाली तर माशीचे कुळ बदलते. एखादी विभक्ती चुकली तर वाक्याचा अर्थ बदलतो तसे. दोनतीन वर्षांत असे झाले की गटात कोणतेही छायाचित्र आले की लोक आपापली मते देत आणि मग थांबत. सरांचे मत येईपर्यंत कोणी बोलत नसे.

मला मात्र छायाचित्र काढता येत नाही. माझा हात कापतो. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या माशीसमोर कापरा हात म्हणजे भूकंप. त्यामुळे माझे डोळे म्हणजे हंबीरराव होते.

हंबीरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वडूजजवळच्या एका गावचे. करडई, हरभरा, ज्वारी अशी कोरडवाहू शेती. मोबाईलला पुढे एक लहानसे भिंग चिकटवून ते बांधावर पालथे पडत आणि श्वास रोखून फोटो काढत. त्यांची लेक इस्लामपुरात दिलेली असल्यामुळे महिन्यातून एकदोनदा रविवारी ते माझ्याकडे येत. एरवी फोन असे. त्या फोनवरचे संभाषण साधारणपणे असे चाले:

"सर, कालचा फोटो बगितला का?"

"पाहिला. अग्राह्य."

"म्हंजे?"

"पंख दिसत नाहीत."

"आवं, ती उडत हुती. पंख धरून ठिवू का तिचं?"

"उडत असेल तर छायाचित्र काढू नये."

"अन् बसलेली धाडली की तुमी म्हनता, पंख मिटल्यात. एकदा तिलाच पत्र लिवा, सर. शुद्ध मराठीत. ऐकंल तुमचं."

हवेत एका जागी स्थिर राहणाऱ्या माशीला मी 'अधरमाशी' असे नाव दिले होते. अधर म्हणजे आधाराविना लोंबकळणारे. 'अधर म्हणजे ओठ' असा आक्षेप गटात एकाने घेतला, तेव्हा मी दोन्ही अर्थांची परंपरा दाखवून त्याचे निरसन केले. हंबीररावांनी ते सगळे वाचले आणि खाली लिहिले, 'आमी हेलिकॉप्टर म्हनतो.' तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण डोके म्हणजे नुसते दोन प्रचंड डोळेच असलेल्या दुसऱ्या कुळाला मी 'बृहन्मस्तक' म्हणत असे. ते म्हणत, 'हेल्मेट.' गटातले बहुतेक लोक हेलिकॉप्टर आणि हेल्मेटच वापरत, हे मला ठाऊक होते. हंबीररावांवर मी त्याबद्दल कधी रागावलो नाही. निवृत्तीनंतर मला भेटलेला हा एकच माणूस होता, ज्याच्याशी वाद घालून झाल्यावरही चहा गोड लागे.

थंडी सरता सरता त्यांनी एक छायाचित्र पाठवले. बांधाच्या कडेची कोथिंबीर फुलोऱ्यावर आली होती आणि त्या पांढऱ्या छत्रीवर एक काळसर माशी बसली होती. खाली ओळ होती: 'सर, साफ करून धाडलाय. आता न्हाई म्हनू नका.'

हे 'साफ करून' मला सरळ समजले. त्यांच्या खटाव भागातली धूळ भिंगावर बसे आणि चित्र मळकट येई. म्हणून मलमलीच्या फडक्याने भिंग पुसल्याशिवाय छायाचित्र काढू नये, असे मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. अखेर त्यांनी ऐकले, असे मला वाटले आणि समाधान वाटले. छायाचित्र खरोखरच निर्मळ होते. पंख उघडा, काचेसारखा, आणि त्यातील प्रत्येक शीर शाईने आखल्यासारखी.

त्या शिरांत ती एक होती.

अधरमाशीच्या पंखात एक शीर अशी असते की ती खऱ्या अर्थाने शीर नसतेच. ती कोणत्याही दुसऱ्या शिरेतून निघत नाही आणि कोणत्याही शिरेला मिळत नाही; पंखाच्या मध्यावर एक दाट रेघ तेवढी उमटलेली असते. मी तिला 'आभासी शीर' म्हणतो. ती दिसली की कुळ ठरते. हंबीररावांच्या माशीचे डोके बृहन्मस्तकासारखे, नुसते डोळ्यांचे. पण पंखात आभासी शीर स्वच्छ. म्हणजे हेल्मेट घातलेले हेलिकॉप्टर. माझ्याजवळच्या कोणत्याही ग्रंथात आपल्या भागातून अशी माशी नोंदलेली नव्हती.

मी गटात निर्णय लिहिला. तासाभरात रेश्माची एक ओळ आली. ही मुलगी सांगलीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तरुण आहे, आणि एका ओळीपेक्षा जास्त लिहिणे तिला अपव्यय वाटतो. तिने लिहिले होते, 'सर, शिर संशयास्पद वाटते.'

शिर म्हणजे मस्तक. मी चार परिच्छेदांचे उत्तर लिहिले. मस्तक अपवादात्मक मोठे आहे हे मी स्वतःच प्रथम नमूद केले असताना त्याविषयी संशय घेण्याचे प्रयोजन काय, दोन डोळ्यांमधील अंतर, मानेचा सांधा, शृंगिकेची, म्हणजे मिशीची, ठेवण यांवरून मस्तक याच देहाचे आहे हे कसे सिद्ध होते, इत्यादी. तिचे उत्तर आले, 'सर, मी डोक्याबद्दल नाही, पंखातल्या शिरेबद्दल बोलतेय.'

'मग दीर्घ लिहावे,' मी लिहिले. 'ऱ्हस्व लिहिल्यास मस्तक होते, दीर्घ लिहिल्यास रक्तवाहिनी. ज्या शास्त्रात एका रेघेवरून कुळ ठरते, त्या शास्त्राच्या अध्यापकांनी एका वेलांटीकडे दुर्लक्ष करू नये.'

गटात हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. जतकडच्या बिरदेवने लिहिले, 'डोक्याचा ताप झाला की.' हंबीररावांनी टाळ्या पाठवल्या. रेश्माने लिहिले, 'चूक झाली सर. शीर संशयास्पद वाटते.' या वेळी दीर्घ होते. पण सभा उठल्यावर आलेल्या माणसासारखी ती ओळ तशीच पडून राहिली. वाद निकाली निघाला, असे गटाने धरले होते.

त्या माशीवर मी बारा पानांचा निबंध लिहिला. माझ्या पुस्तकाचे ते शेवटचे प्रकरण होते. पुस्तक म्हणजे सातारा-सांगलीच्या द्विपंखी माश्यांचा सचित्र परिचय. मराठीत, आणि माझ्या माहितीप्रमाणे मराठीतला असा पहिलाच. त्यातली सर्व छायाचित्रे हंबीररावांची आणि सर्व शब्द माझे. सांगलीतल्या एका मुद्रकाकडे बाकीची प्रकरणे गेलीही होती. वैशाखात माधवनगरला गटाचा मेळावा ठरला, तेव्हा हा निबंध तेथे वाचावा आणि पुस्तक जाहीर करावे असे ठरले.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी हंबीरराव आले, तेव्हा मी त्यांना बाराही पाने वाचून दाखवली. हनुवटी तळहातावर टेकवून ते ऐकत होते. चहा निवून गेला तरी त्यांनी कप उचलला नाही. आणि ऐकणारा चहा विसरला, याचा मला त्या वेळी आनंद झाला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "भारी. लय भारी लिवलंय, सर." मग थोडे थांबून, "ते शिरंचं जरा कमी केलं तर न्हाई का चालायचं?"

"का?"

"न्हाई म्हंजे... लोकांना जड जाईल."

"हंबीरराव, शीर काढली तर निबंधात उरते काय? सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे."

"व्हय," ते म्हणाले. "ते तर हायच."

निघताना त्यांनी सांगितले की मेळाव्याला येणे जमणार नाही, भावकीत लग्न आहे.

माधवनगरचे सभागृह एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेजारी आहे. पंखे फिरत होते आणि वारा लागत नव्हता. तीसेक माणसे होती. मी वाचले, आणि चांगले वाचले. आभासी शिरेच्या वर्णनाचा परिच्छेद संपला तेव्हा कोणीतरी 'वा' म्हटले. टाळ्या झाल्या. मग रेश्मा उभी राहिली.

"सर, हे मला वाचनाआधी दाखवायचं होतं. सकाळी दोनदा फोन केला. तुमचा बंद होता."

"एसटीत मी फोन बंद ठेवतो."

"आत्ता दाखवू, की नंतर आपण दोघंच बसून बघू?"

तिच्या प्रश्नातली सूचना मला ऐकू आली नाही असे नाही. पण तीस माणसांसमोर पुराव्याला 'नंतर या' म्हणणे माझ्या स्वभावात नाही. "पुरावा असेल तर दाखवा," मी म्हणालो. "नसेल तर बसा."

तिने आपला मोबाईल पडद्याला जोडला. पडद्यावर तीच माशी आली. तीच कोथिंबिरीची छत्री, तीच डावीकडे दुमडलेली पाकळी, तोच उन्हाचा ठिपका. फक्त पंख नव्हता. म्हणजे पंखाच्या जागी थंडीत काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा एक करडा डाग होता. त्यात आभासी शीर नव्हती. खरीही एक शीर धड नव्हती.

"हा मूळ फोटो," रेश्मा म्हणाली. "आपण गटात बघत आलो तो यावरून अॅपनं तयार केलेला. अॅपला पंख अस्पष्ट दिसला की ते त्याच्याकडच्या हजारो पंखांवरून बरा दिसणारा पंख काढून देतं. शिरा त्यानं काढल्यात, सर. डोकं बघता माशी बहुतेक हेल्मेटच आहे. पण यावरून तेही ठामपणे सांगता येणार नाही."

मागून कोणी म्हणाले, "म्हंजे माशीला शीर मोबाईलनं बसिवली?" आणि हशा झाला. रेश्मा हसली नाही. ती हसली असती तर मला उत्तर सुचले असते.

"हे छायाचित्र तुम्हाला कोठून मिळाले?"

"हंबीररावांकडून. मी मूळ फोटो मागितला, त्यांनी पाठवला."

"केव्हा?"

"पाडव्याच्या सुमारास. मी त्यांना विचारलं होतं, सरांना मी सांगू का. ते म्हणाले, तुमी नको, मीच सांगतो, मला त्यांच्याशी नीट बोलता येतं. म्हणून मी थांबले. काल मुद्दाम विचारलं तर म्हणाले, अजून राहिलंय."

पाडवा. आणि वैशाखातल्या रविवारी ते माझ्यासमोर हनुवटीला हात लावून बसले होते. मी हातातली बारा पाने सरळ केली, दुमडली आणि पिशवीत ठेवली. सभेत काय बोललो ते नीट आठवत नाही. निर्णय मागे घेतो, एवढे म्हणालो असेन. 'असेन.' मला दुसरा शब्द सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कराडला गाडी बदलून वडूजला गेलो आणि तेथून रिक्षाने त्यांच्या गावी. दारात त्यांची पत्नी सुलाबाई धान्य पाखडत होत्या.

"आगं बया, सर? फोन तरी करायचा. बसा. शेंगा निवडायला गेल्यात खाली, हाळी मारते." आणि मग सूप खाली ठेवत, "तुमच्या त्या माश्यांपायी मानूस दिवसभर बांधावर उताना-पालथा. शेजारनी म्हनत्यात, सुभेदारांना फिट येत्यात का काय."

मी हसलो नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या मुकाट्याने हाळी मारून आल्या आणि आत गेल्या.

हंबीरराव आले. मला पाहून त्यांनी प्रथम चपला काढल्या आणि मग, आपलेच अंगण असूनही, बसू की उभा राहू असे करत उभेच राहिले.

"रेश्माबाईंनी दावला," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"तीस लोकांत."

"मी तिला म्हनलं हुतं, सभेत नको."

"तिला काय म्हणालात ते मी विचारत नाही. मला का म्हणाला नाहीत?"

"म्हनलो हुतो की, सर. पयल्याच दिवशी. साफ करून धाडलाय, असं लिवलं हुतं मी."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. "साफ म्हणजे भिंग पुसून."

"भिंग पुसलं तर पुसून म्हनतो आमी. साफ म्हंजे साफ. अॅपचं नावच तसलं हाय, फोटो साफ करायचं. लेकीच्या पोरानं घालून दिलतं. समदी तसंच म्हनत्यात."

एका शब्दावरून मी फसलो, हे खरे. आणि आयुष्यभर शब्दांचे अर्थ लावण्यात घालवलेल्या माणसाला ते लागायचे तसे लागले. पण तेवढेच असते तर मी तेथल्या तेथे चहा मागितला असता. शब्दाचा गैरसमज ही दोघांची चूक असते. गुन्हा नसतो.

"ठीक. ती चूक माझी धरा. पाडव्याला रेश्माने मूळ छायाचित्र मागितले, तेव्हा तुम्हाला कळले की शीर खोटी आहे?"

"कळलं. तिनं समजावून सांगितलं. मी दोन्ही फोटो शेजारी लावून बगितलं. लय वाईट वाटलं, सर. आईशपथ."

"आणि त्यानंतर तुम्ही माझ्या घरी आलात. मी बारा पाने वाचली. वाचताना तुम्ही ऐकत होता."

त्यांनी काढलेल्या चपला पायाने जुळवून सरळ केल्या.

"तुम्ही म्हणालात, 'लय भारी.'"

"भारीच हुतं की लिवलेलं," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच चीड आली. "सांगायलाच आलतो मी त्या दिवशी. लेकीकडं न जाता सरळ तुमच्याकडं आलो. तुमी दारातच म्हनला, बसा, ऐका. एक पान झालं, दोन झाली, मला वाटलं आता थांबतील तवा सांगू. तुमी थांबतच न्हाई. ते 'काचेसारखा निर्मळ' का काय आलं तवा तुमच्या डोळ्यांत पानी हुतं. कुठल्या तोंडानं सांगू, की ह्यो पंख मोबाईलनं काढलाय? म्हनलं तरी की शिरंचं जरा कमी करा."

"म्हणजे खोटे आहे हे न सांगता, खोटे थोडे कमी करा, असे."

"तसंच धरा."

"आणि रेश्माला सांगता आले."

"तिनं इचारलं." पुढचे ते सावकाश, मोजून म्हणाले. "तुमी कदी इचारलं, सर? चार वर्सं झाली. फोटो धाडला की तुमचं काय यायचं? ग्राह्य. अग्राह्य. बस. कसा काढला, किती उनात पडून काढला, ह्यातलं काईच न्हाई. चांगला फोटो धाडला की दोन दिवस बोलायचा माझ्याशी. बिघडलेला धाडला की एक शबूद. मग मी साफ कराय लागलो."

'लागलो' या क्रियापदाकडे माझे लक्ष गेले. ते एका छायाचित्रापुरते वापरता येत नाही.

"हंबीरराव, हे एकच छायाचित्र आहे ना?"

घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"काई साफ केल्यात. काई तशीच हायत."

"कोणती?"

"आता कुठली कुठली सांगू? दोन वर्सं झाली ह्या अॅपला. जे जरा पुसट वाटलं ते टाकलं त्यात."

"मूळ छायाचित्रे?"

"मोबाईल भरला की पुसून टाकतो. साफ केलेलं ठिवतो फकस्त. ह्या कोथिंबिरीवरचं तेवढं राहिलं हुतं चुकून."

मी ओट्यावर बसलो. पुस्तकात दीडशेच्या वर छायाचित्रे होती. प्रत्येकाखाली माझे वाक्य होते, आणि त्या प्रत्येक वाक्यात मी 'आहे' लिहिले होते. त्यातले कोणते वाक्य खरे आहे हे मला आता सांगता येत नव्हते, आणि हंबीररावांनाही येत नव्हते. कोणालाच येणार नव्हते. चुकीचे असते तर मी दुरुस्त केले असते. चूक कोठे आहे हेच जेथे पुसले गेले आहे, तेथे दुरुस्त काय करणार?

"चला, उठा," हंबीरराव एकदम म्हणाले. "खाली कडीपत्त्याला फुलं हायत, माश्या घोंगावत्यात. तुमच्या डोळ्यांदेखत काढतो. अॅप न्हाई, काई न्हाई. जसं हाय तसं."

मी गेलो. का गेलो याला सबळ कारण नाही. ते कडीपत्त्यापुढे गुडघ्यांवर बसले, कोपर बरगड्यांना टेकवले आणि श्वास रोखला. एक अधरमाशी फुलांसमोर हवेत अडकल्यासारखी थांबली होती. त्यांनी बोट टेकवले. मी त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर पाहत होतो. चित्र उमटले: पंख पुसट, कडा धुरकट. आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर, कोणी बोट न लावता, ते चित्र स्वतःच थरथरले आणि स्पष्ट झाले. पंखाला कड आली. शिरा आल्या.

हंबीररावांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "बगा. बगा, सर! हे मी न्हाई केलं. त्येचं त्येच करतंय. म्हंजे ते 'मूळ' म्हनत्यात तेबी कुठं मूळ हाय? तुमी रेश्माबाईंना हेच दावा. तुमी वाद घाला. तुमी जिकशिला!"

त्यांचे म्हणणे तर्कदृष्ट्या बिनतोड होते. मूळ म्हणून जे पडद्यावर दाखवले गेले, तेही कोणत्या तरी यंत्राने सारवलेले नसेल कशावरून? एरवी या एका मुद्द्यावर मी गटाला आठवडाभर जागे ठेवले असते. तेवढ्यासाठी लागणारी वाक्ये माझ्या मनात जुळूही लागली होती. मी ती थांबवली. कारण ती सगळी मोबाईलविरुद्ध होती, आणि मोबाईलशी माझे काहीच भांडण नव्हते. माझ्या खोलीत हनुवटीला हात लावून बारा पाने ऐकायला मोबाईल बसला नव्हता. खोट्या पंखाचे वर्णन ऐकून 'लय भारी' म्हणाला तो मोबाईल नव्हता.

मी खिशातून माझा फोन काढला आणि तेथेच, कडीपत्त्याशेजारी उभा राहून, सांगलीच्या मुद्रकाला लावला. छपाई थांबवा म्हणालो. त्याने विचारले, "किती दिवस, सर?" मी म्हणालो, "पुस्तक परत घेतो आहे." तो जुळणी झालेल्या पानांबद्दल काही बोलू लागला, मी म्हणालो, "मोडून टाका."

हंबीररावांनी ते सगळे ऐकले. मोबाईल हातात तसाच धरून ते उभे होते.

"आवं सर... समदंच? जे चांगलं हाय ते तरी—"

"चांगले कोणते, ते तुम्ही सांगा. मी छापतो."

सुलाबाईंनी ओट्यावरून हाक मारली की ताटे वाढली आहेत. मी पिशवी उचलली.

"जेवून तरी जावा," हंबीरराव म्हणाले. "रागवा, शिव्या द्या, पन उपाशी जाऊ नका. मी सोडतो वडूजपतूर गाडीवरनं."

"नको. आपण कष्ट घेऊ नयेत."

ते दचकले. चार वर्षांत 'आपण' हा शब्द आमच्या बोलण्यात आला नव्हता. मी त्यांना तुम्ही म्हणे, आणि रागाच्या भरात एकदोनदा तूही म्हटले होते.

"आपण?" ते म्हणाले. "मला आपण म्हनताय, सर?"

"आपण जेवायला बसावे, सुभेदारसाहेब. वहिनी खोळंबल्या आहेत."

फाट्यापर्यंतचा रस्ता उन्हाचा आणि उताराचा आहे. मागून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ती काही अंतर माझ्यामागे हळू चालत राहिली, माझ्या पुढे गेली नाही की जवळ आली नाही. मग बंद झाली. मी मागे वळून पाहिले नाही. फाट्यावर कराडची गाडी उभी होती. कंडक्टरने कुठे म्हणून विचारले, आणि मला इस्लामपूर म्हणायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला.